कर्नलच्या चोचीत पाणी

सोमवार, ३ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. ग्राट्सनगरनिवासिनी, व्हायोलिनवादनविशारदा, सकलशाकाहारधुरंधरा, यकृद्भक्षकनिर्दालिनी, सप्पनोशकुलज्येष्ठा, अखंडमौनव्रतधारिणी भगिनीश्रेष्ठ एतेल्काताई यांचे चरणी, हंगेरी देशीच्या वालुकामय सखल प्रांतातील पक्षिशरीरशास्त्र संशोधन केंद्राचे उपसंचालक (संचालकपद बहुत वर्षे रिक्त, तथापि उपसंचालकच), हंसयकृत्स्फीतिप्रतिगमन सिद्धांताचे जनक, कुक्कुटश्वसनमीमांसक, अंडकवचभंगपरीक्षायंत्राचे एकमेव चालक तथा दुरुस्तीकार डॉ. वेंदेल सप्पनोश यांचा साष्टांग, परंतु गुडघ्याच्या तक्रारीमुळे अपूर्ण, प्रणिपात. विनंती विशेष.

पत्रास कारण की, तसे काहीच कारण नाही. गेली नऊ वर्षे आपण आमच्याशी अक्षर बोलला नाहीत. ज्या नाताळात आपण ताटातील हंसाचे यकृत उचलून कुत्र्यापुढे टाकलेत, यकृत फुगावे म्हणून हंसांना घशातून मका भरवणाऱ्या आईस "घसे कोंबणारी" आणि आम्हांस "छळाचा शास्त्रज्ञ" ही पदवी दिलीत व रात्रीच्या गाडीने निघून गेलात, त्या प्रसंगाचा येथे उल्लेख करण्याचा हेतू नाही. कुत्र्याने यकृत खाल्ले आणि कोणतीही तत्त्वचर्चा केली नाही, एवढेच नोंदवतो.

इकडील हवामान धुकट. आईची प्रकृती वयोमानाप्रमाणे. हंसांविषयी लिहीत नाही. तो विषय आपणांस वर्ज्य आहे.

हे पत्र टपालाने न धाडता त्याचे छायाचित्र गेर्नोटभावजींच्या फोनवर पाठवीत आहे. टपालाचे दर फार वाढले आहेत. शिवाय आमचा क्रमांक आपण अडवून ठेवला आहे, आणि भावजींना आपली भाषा येत नाही. दूत म्हणून याहून निर्दोष मनुष्य सापडणे दुर्घट.

जाता जाता एक निव्वळ शास्त्रीय जिज्ञासा. आम्ही पाळण्यात असताना आईस फुप्फुसाचा विकार झाला होता आणि आपण रुग्णालयात तिच्या उशाशी होता. त्या वेळी तिला एक औषध सोसले नव्हते, अंगभर गांधी उठल्या होत्या, असे आपण सांगत असा. ते औषध कोणते? आईला विचारले तर "पांढरं होतं" एवढेच सांगते.

उत्तर सवडीने द्यावे. म्हणजे आज दिले तरी चालेल.

आज्ञांकित,
वेंदेल

बुधवार, ५ नोव्हेंबर

ताईस साष्टांग.

उत्तर पोचले. नऊ वर्षांच्या मौनानंतरचे तुझे पहिले वचन "पेनिसिलीन. का?" असे आहे. अल्पाक्षरत्वाच्या दृष्टीने ते सूत्रवाङ्मयात शोभेल. औषधाचे नाव डॉक्टरांना कळवले. तुझ्या दुसऱ्या शब्दाचे उत्तर देण्यासाठी मी दोन मसुदे फाडले, हा तिसरा.

टपालाच्या दराविषयी मी लिहिले ते असत्य होते. या घरातून कागद बाहेर नेण्यास मनाई आहे. फाटकाला पिवळी फीत लावली आहे.

झाले ते असे. रविवारी मी प्रघाताप्रमाणे दुपारच्या सूपासाठी आईकडे गेलो. अंगणात सूपाचा वास नव्हता, आणि हंसांचा आवाजही नव्हता. तुला आठवत असेल, आपल्या अंगणात परका मनुष्य शिरला की हंस आकाशपाताळ एक करतात, आणि मी तर त्यांना कायमचा परका. मी गोठ्यात डोकावलो. आई बुटक्या तिवईवर बसली होती. मांड्यांमध्ये तिचा लाडका नर-हंस, कर्नल. त्याची मान मळसूत्रासारखी मागे वळलेली. आईचे गाल फुगलेले.

"आई, काय करतेयस?"

तिला बोलता येईना, कारण तोंडात पाणी होते. तिने आपले ओठ त्याच्या चोचीला लावले, ते कोमट पाणी आत सोडले, तोंड ॲप्रनने पुसले आणि मग म्हणाली, "पाणी पाजतेय. डोळे नाहीत का तुला?"

"बाकीच्या कुठायत?"

"दोघी गेल्या. तिसरी जायच्या आत मी सुरी फिरवली. आयती हंसीण मरू द्यायची म्हणजे पाप."

"आणि तिचं काय केलंस?"

"काय करतात? भाजली. पाठीकडचा मानाचा तुकडा पाद्रीबुवांना पाठवला. तुला मांडी ठेवलीय, झाकून."

"मला कळवायचं नाहीस?"

"तुला सांगितलं म्हणजे सरकारला सांगितलं. काही झालेलं नाही त्यांना, जिभेला कवच धरलंय नुसतं. नखानं सोलून काढलं, लसूण चोळली. तुझ्या आजीनं असे किती उठवलेत."

ताई, या प्रांतातील प्रत्येक आजी आजारी पक्ष्याच्या जिभेचे टोक सोलते. त्या टोकावर माझे दोन निबंध प्रसिद्ध आहेत. ते टोक निरोगी पक्ष्याचेही कठीणच असते. पक्ष्याला श्वास पुरेनासा झाला की तो चोच उघडी ठेवतो, मग ते वाळते आणि लोकांच्या नजरेस येते. लोक लक्षण सोलतात आणि रोग हाताला लावून घेतात. हे मी तीन देशांतील परिषदांत सप्रमाण सिद्ध केले. आईच्या स्वयंपाकघरात मात्र सिद्ध करायचे राहिले. तिथे आम्ही सूप पितो.

मी तेथूनच जिल्हा पशुवैद्यांना कळवले. आईने ते ऐकले. म्हणाली, "आईवरच फिर्याद करायला एवढा शिकलास होय रे डॉक्टर?"

नमुने सोमवारी गेले. पाद्रीबुवांना कळवले आहे की भाजलेल्या मांसापासून भय नाही. तरी ते दर तासाला पलिंकाने, म्हणजे फळांच्या कडक दारूने, गुळण्या करीत आहेत आणि गुळणी थुंकत नाहीत, असे कळते.

आईला काल संध्याकाळपासून थोडी कणकण आहे. थोडीच.

मी रविवारी कर्नलला तिच्या मांडीवरून उचलले तेव्हा हातमोजे घातले नव्हते. हे वाक्य गाळून वाचावे.

वेंदेल

शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सकाळ

ताई,

हंसांचे निदान आले. ज्याचे भय होते तेच: बर्ड फ्लू. आईच्या घशातील नमुन्याचेही आले. तेही तेच.

तू मला नेहमी हिणवायचीस की, मी जन्मभर पक्ष्यांच्या पोटात डोके घालून बसलो आणि मला माणसांविषयी काही कळत नाही. दुर्दैवाने या एका बाबतीत कळते. पक्ष्याचा श्वास एकाच दिशेने वाहतो. फुप्फुसातून हवा नदीसारखी पुढे जाते, मागे वळत नाही. माणसाची हवा ज्या वाटेने आत जाते त्याच वाटेने परत येते, आणि वाटेच्या तळाशी जे साचते ते साचूनच राहते. या विषाणूला माणसाच्या नाकात सहसा पाय ठेवायला जागा मिळत नाही. त्याची जागा तळाशी असते. तेथवर पोचायला त्याला कुणीतरी वाट करून द्यावी लागते, उदाहरणार्थ, आजारी चोचीला तोंड लावून.

अडाणी मनुष्य अंधाराला भितो. मला त्या अंधारातील पायरी न् पायरी पाठ आहे. आई खोकते तेव्हा ती कोणत्या पायरीवर आहे हे मला ऐकू येते. याहून अधिक पांडित्य शत्रूलाही लाभू नये.

डॉ. हायनालबाई सकाळी आल्या होत्या. त्या आमच्या गावच्या डॉक्टर. वयाने लहान, पण आवाज पोलिसाचा. नखशिखांत पांढऱ्या पोशाखात आल्या. विषाणुरोधक गोळ्या आम्हा दोघांनाही चालू आहेत. त्यांनी आईच्या बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजला आणि चिमटा काढताना माझ्याकडे पाहिले नाही.

"आजी, सेगेदच्या इस्पितळात जायचंय. आजच."

"मी नाही येत."

"इथे तुम्हाला श्वास पुरणार नाही."

"पुरतोय तेवढा घेते. मी गेले की हा माझा मुलगा कर्नलला सुईवाल्यांच्या हाती देणार."

कर्नल जिवंत आहे. संपूर्णपणे अशास्त्रीय हट्टाने जिवंत आहे. हे सुईवाले, म्हणजे निर्मूलन पथक, मोठ्या फार्मांवर अडकले आहे. परसातल्या एकुलत्या एका हंसाची पाळी सोमवारी येणार. आईने त्याला कोठीच्या खोलीत, लोणच्याच्या बरण्यांमागे कोंडला आहे आणि किल्ली ॲप्रनच्या खिशात घालून ॲप्रनसकट अंथरुणात पडली आहे. मी दार फोडू शकतो. पण ती उठून आडवी येईल, आणि तेवढा श्वास तिच्यापाशी शिल्लक नाही.

हायनालबाईंनी मला फाटकापाशी नेले. "जबरदस्तीनं नेता येईल मला. पण झटापट केली तर रुग्णवाहिकेपर्यंतही टिकणार नाहीत. कुणाचं ऐकतात त्या?"

"कुणाचंही नाही," मी म्हणालो.

त्यावर कुंपणापलीकडून रोझीमावशी ओरडल्या. पलीकडच्या घरातल्या त्याच रोझीमावशी, ज्यांना विलगीकरणात घराबाहेर पडायला बंदी आहे, पण कान लावायला नाही. "एतेल्काचं ऐकेल! नऊ वर्षं पोरगी फिरकली नाही, तरी दर वसंतात तिची गादी उन्हात घालते ही!"

आतून आई ओरडली, "रोझी, थोबाड बंद कर!" आणि त्या चार शब्दांनंतर तिला इतका खोकला आला की हायनालबाई पुन्हा आत धावल्या.

खोकला थांबल्यावर मी उशाशी बसलो. तुला बोलावू का, असे विचारले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नको. तिला माझ्या हातांची किळस येते." थोड्या वेळाने म्हणाली, "तिला एवढंच कळव, आता मी कुणाच्या घशात काही कोंबत नाही. नुसतं पाणी पाजत होते."

ताई, उपाध्या, पदव्या, सगळे राहू दे. फोन कर. माझा क्रमांक सोड, नाहीतर गेर्नोटच्या फोनवरून कर. शिकवणी चालू असली तर मुलांना बाहेर बसव. तुला यकृताविषयी जे म्हणायचे असेल ते मी जन्मभर ऐकून घेईन. मला भीती वाटते आहे. दुपारपर्यंत प्राणवायूचा आकडा आणखी उतरेल, हे मला ठाऊक आहे.

वेंदेल

मंगळवार, ११ नोव्हेंबर, मार्टिनचा दिवस

ताई,

तू सेगेदला पोचलीस आणि काचेपलीकडून का होईना तिला पाहिलेस, हे गेर्नोटभावजींनी चित्रलिपीत कळवले: एक रेल्वेगाडी, एक खिडकी आणि एक अश्रू ढाळणारा पिवळा चेहरा. अर्थबोध झाला.

शुक्रवारी तुझा फोन आला तेव्हा तू काय बोललीस ते मला अजून ठाऊक नाही. मी फोन फक्त तिच्या कानाशी धरला होता. मला ऐकू आली ती एकच बाजू.

"कोण?" मग, "तुझा आवाज बसलाय. सर्दी झालीय का?" मग, "खाते ना. तो करतो सूप. पाणचट." मग ती नुसती ऐकत राहिली. माझा हात अवघडला, पण मी तो हलवला नाही. मग ती म्हणाली, "ओरडू नकोस. ओरडू नकोस ग. जाते. म्हटलं ना जाते."

फोन माझ्या हाती देऊन तिने ॲप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि ती माझ्या हाती न देता हायनालबाईंच्या हाती दिली. माझ्यावर विश्वास नाही, हे इतक्या सुस्पष्टपणे कोणत्याही परीक्षकमंडळानेही कधी सांगितले नव्हते. मग तिने चर्चला जाताना बांधते तो रुमाल मागितला. रुमाल बांधायला तिला तीनदा थांबावे लागले. स्ट्रेचरवर झोपायला तयार नव्हती, बसून गेली. फाटकाबाहेर पडताना रोझीमावशी खिडकीतून रडत होत्या, त्यांना म्हणाली, "नरडं कशाला काढतेस, माझ्या कोबीला पाणी घाल."

पथक काल आले. दोन तरुण मुले आणि त्यांचा प्रमुख. प्रमुख माझा जुना विद्यार्थी निघाला, आणि ते आम्हा दोघांनाही नको होते. कर्नलने त्यांना बरण्यांजवळ येऊ दिले नाही. मान अजून जरा वाकडी, पण पंख उघडून उभा राहिला आणि असा फुत्कारला की ती मुले मागे सरली. तेव्हा मी आत गेलो. या वेळी हातमोजे घातले होते. आई धरते तसा मी त्याला गोठ्यातून आणलेल्या तिवईवर बसून मांड्यांमध्ये धरला, आणि आजन्म मला परका मानणारा तो प्राणी, का कुणास ठाऊक, गप्प राहिला. हंसाचे हृदय मांडीला फार जोरात लागते. याचे मापन मी पूर्वी यंत्राने केले होते. सुई माझ्या विद्यार्थ्याने दिली. मी मान सोडली नाही, एवढेच.

मार्टिनच्या सणाला, म्हणजे आज, घरोघरी भाजलेल्या हंसाच्या छातीचे हाड उजेडात धरून पाहतात; पांढरे निघाले तर हिमाचा हिवाळा, काळसर निघाले तर पावसाचा. कर्नलला मोहरबंद पिशवीत घालून नेले. हिवाळा कसा जाणार, हे यंदा आम्हांस कळणार नाही.

सेगेदचे डॉक्टर सांगतात, नळी घालायची वेळ अद्याप आलेली नाही. "अद्याप" हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवतो आहे. त्याची चव चांगली नाही.

माझा डावा डोळा लाल झाला आहे. रोझीमावशींच्या मते रडून. रडण्याने दोन्ही डोळे लाल होतात, हे मी त्यांना सांगितले नाही. हायनालबाई नमुना घेऊन गेल्या.

आईला कर्नलविषयी काही सांगितलेले नाही. विचारील तेव्हा काय सांगायचे, ते तू ठरव. तुझे सत्यप्रेम मला ठाऊक आहे. त्या सत्यप्रेमापायी ताटातले यकृत कुत्र्याने चाटून पुसून खाल्ले होते. पण ताई, यावेळी जपून.

वेंदेल

शनिवार, १५ नोव्हेंबर

काचपटलांतरितमातृसेवापरायणा, सेगेदस्थ अतिथिगृहातील एकमेव शाकाहारी निवासिनी एतेल्काताई यांस सप्रेम नमस्कार.

आज आईचा फोन आला. तिने स्वतः केला. तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा दोन मिनिटांसाठी काढायची परवानगी मिळाली होती. आवाज जुन्या पिंपातून यावा तसा. पहिल्या दमात परिचारिकेच्या सूपाची निंदा केली. आणि ताई, ती निंदा मी शब्दन्शब्द टिपून घेतली. जी स्त्री मरणाच्या वाटेवर असते ती मिठाचे प्रमाण काढत नाही. याला प्रमाण कोणतेही नाही, तरी हा सिद्धांत मी आजपासून ग्राह्य धरतो.

मग म्हणाली, "एतेल्का कर्नलला भरवतेय म्हणे. खरं का रे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सकाळच्या बसनं येते, गोठ्यात बसते, मका भरवते आणि दुपारी इथं काचेशी येते, म्हणाली. माझ्या तिवईवर बसते म्हणे. खरं का?"

ताई, काचेपलीकडे उभी राहून तू हे सांगितलेस. जिने एका यकृतापायी घर सोडले, जिच्या ग्राट्समधील स्वयंपाकघरात अंडेसुद्धा शिरत नाही, तिने सांगितले की, मी तिवईवर बसून हंसाच्या घशात मका सोडते आहे. कोंबणे थांबवले की फुगलेले यकृत पूर्ववत होते, या माझ्या सिद्धांतावर तू एकदा म्हणाली होतीस, "यकृत पूर्ववत होतं म्हणे! सुरीच्या आधी कुणाला वेळ मिळतो पूर्ववत व्हायला?" तो वाद बाजूस ठेवून आज मी फोनवर म्हणालो, "खरं आहे, आई. रोज येते."

मग ती म्हणाली, "तिला जमत नसेल. लहानपणापासून घाई फार. तिला म्हणावं, मान वर धर, ओढू नकोस. घशावर अंगठा दाबायचा नाही, वरून खाली नुसता हात फिरवायचा, घास आपोआप उतरतो. आणि पाणी तोंडानं देऊ नको म्हणावं. तोंडानं नको. मला झालं तसं होईल." मग परिचारिकेने मुखवटा चढवला.

निरोप जसाच्या तसा पोचवला आहे. उद्या काचेशी गेलीस की ती विचारील, तेव्हा तुला पाठ हवा. हात वरून खाली. अंगठा दाबायचा नाही.

सेगेदचे डॉक्टर आता "अद्याप" ऐवजी "बहुधा" म्हणतात. "बहुधा सोमवारी प्राणवायू कमी करून पाहू." मी या क्रियाविशेषणाकडे दिवसभर पाहत बसलो आहे. त्याला हात लावायचे धैर्य होत नाही.

माझा पहिला नमुना अनिर्णित आला. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांच्या निष्कर्षांवर हा शेरा लाल शाईने मारीत आलो. त्याचा असा अर्थ असतो हे ठाऊक नव्हते. दुसरा नमुना गेला आहे. ताप नाही. सकाळपासून पाच वेळा पाहिला, नाही. श्वास खोल घेऊन पाहतो, तळापर्यंत जातो. डोळ्याचे म्हणशील तर आता उजवाही किंचित लाल आहे, म्हणजे रोझीमावशींचे निदान बलवत्तर ठरत आहे. हे तुला कळवायचे नाही असे ठरवले होते, पण तू खोटे बोलण्यात माझ्यापुढे गेल्यामुळे मला खऱ्याचा आश्रय घ्यावा लागतो. भीती आहे. पण शुक्रवारी होती ती नाही; ती एकट्याची होती.

आता एका गंभीर प्रकरणाकडे वळतो. पथकाने जाताना उंबऱ्याबाहेर निर्जंतुक द्रवाने भिजवलेली स्पंजाची जाड चटई घातली. तिच्यावर पाय पुसल्याशिवाय कुणी आतबाहेर करू नये असा नियम. कालच्या थंडीत ती गोठून फुगली आहे आणि बाहेर उघडणारे दार आता तिला अडून जेमतेम वीतभर उघडते. माझा घेर तुला ठाऊक आहे. सरपण बाहेरच्या पडवीत आहे आणि मी आत. खिडकीतून उकळते पाणी ओतून पाहिले. तेही गोठले, आता चटई अधिक उंच आहे. तालुका कचेरीस फोन केला तर म्हणतात, चटई जिल्ह्याची आहे, आम्ही हात लावू शकत नाही. जिल्ह्यास केला तर म्हणतात, चटई आमची खरी, पण दार तुमचे आहे, तेव्हा दाराची तक्रार तालुक्याकडे करा. तालुक्याचा फोन सोमवारपर्यंत बंद आहे. तेव्हा आईचा प्राणवायू आणि माझे दार, दोन्ही बहुधा सोमवारी.

वेंदेल